झाडझूड, स्वयंपाक आणि जावई

१० मार्च, सोमवार

गौरम्मा न्हाणीत घसरली. उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, म्हणाले, सहा आठवडे काही उचलायचं नाही. नेमकं पाडव्याच्या तोंडावर. वर्षाची मोठी झाडझूड आमच्याकडे पाडव्याच्या आत होते. भांडीवाली वर्षाराणी लेकीच्या बाळंतपणाला मुरूडला गेलेली.

गौरम्माला सांगितलं, तू पडून राहा, आता घर माझ्याकडे. जन्मभर गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवलं. अर्ध्या लातुरात माझ्या दुकानचे कुकर शिट्ट्या मारून राहिलेत. ज्याला भांडं कळतं त्याला स्वयंपाक कळायला कितीसा वेळ?

दुकान आता पुतण्या मल्लेश बघतो. त्यामुळे मला टाइमच टाइम. नियोजन: सकाळी झाडझूड, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी आराम.

गौरम्माने डाव्या हाताने कपाळ धरलं. हात दुखत असणार.

११ मार्च, मंगळवार

कुकरला डाळ लावून माळ्यावर चढलो. म्हटलं शिट्ट्या होईपर्यंत जळमटं काढू. माळ्यावर शिट्ट्या ऐकू येत नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. डाळ करपली. कुकर आपल्या दुकानचा, जाड बुडाचा, म्हणून निभावलं.

भाकरीचं पीठ हातालाच बसलं. गौरम्मा म्हणाली, पाणी कढत लागतं. माझं मत, ज्वारी जुनी आहे. मल्लेशच्या घरून भाकरी आल्या. आजच्या पुरत्या.

१३ मार्च, गुरुवार. होळी

नोंद म्हणून लिहून ठेवतो.

सुकन्या, आमची एकुलती एक लेक, नांदेडला फार्मसी कॉलेजात शिकवते. चार वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने रजिस्टर लग्न केलं. जावई सुगत. मुखेडकडचा, विजेच्या खात्यात इंजिनियर. बौद्ध. आपण लिंगायत, पण मला त्याचं काही नाही. तेव्हापासून मी सुकन्याशी बोललेलो नाही. रागाने नव्हे. बोलायचं राहून गेलं.

गौरम्मा तिच्याशी रोज मागच्या दारी फोनवर बोलते. तिला वाटतं मला माहीत नाही.

आज गौरम्मा जवळ येऊन बसली. म्हणाली, पाडव्याला यायचं म्हणून राहिलेत तिघं. नातीला घेऊन. येऊ दे म्हणू का?

नात अक्षरा. तीन वर्षांची. मी तिला पाहिलंय, फोनवर, गौरम्माच्या खांद्यावरून.

मी म्हणालो, येऊ दे की, माझं काय जातंय.

गौरम्मा पदर तोंडाला लावून रडायला लागली. गोळ्या जड पडल्या असतील. डॉक्टरांना विचारायला हवं.

ठरलं. पाडव्यापर्यंत घर आरशासारखं. आणि त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक माझ्या हातचा. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, भात. गोडाधोडाचं, शुद्ध शाकाहारी. त्यांच्याकडे काय चालतं ते त्यांचं त्यांना. आपल्या घरी आपलं.

१६ मार्च, रविवार

आज नळ आला. सगळी पिंपं भरायची, गाद्या गच्चीवर टाकायच्या, पडदे भिजवायचे आणि डाळकांदा करायचा, असं एकत्र आलं. चटणी कुटली त्याच हाताने डोळ्यात गेलेलं जळमट काढलं. बराच वेळ पिंपात तोंड घालून उभा होतो. पिंप पुन्हा रिकामं करून धुवावं लागलं. तोवर नळ गेला.

डाळकांद्यात कांदा घालायचा राहिला. गौरम्माने खाल्लं निमूटपणे. म्हणजे जमलं होतं.

१८ मार्च, मंगळवार

सुकन्याची खोली उघडली. चार वर्षांत तिथे दुकानचे खोके भरले गेले. मुद्दाम नाही, जागा होती म्हणून.

खोके हलवले, पंखा पुसला, खिडकी घासली. कपाटावर तिचा वक्तृत्वाचा कप सापडला, काळा पडलेला. आठवीत असताना बसव जयंतीच्या स्पर्धेत पहिली आली होती. विषय: समता. भाषण मीच लिहून दिलं होतं. अजून बरंचसं पाठ आहे. खोली झाडता झाडता म्हणूनही बघितलं. आवाज अजून खणखणीत आहे.

कप चिंचेने घासून ठेवला. त्या नादात नाश्त्याचा सुशीला लागला कढईला. चुरमुरे काळे होतात हे आजच कळलं.

२१ मार्च, शुक्रवार

शेजारचे गुरुबसप्पा चहाला आले. मी शिडीवर होतो. म्हणाले, काय वीरण्णा, बायकोचं काम करून राहिलास? मी सांगितलं, लेक-जावई येणार पाडव्याला. ते मग हसून म्हणाले, मग आत्ता कशाला धुतोस बाबा, ते गेल्यावर धुवावंच लागेल.

मीही हसलो. काय करणार, जुन्या वळणाचा माणूस. असल्यांशी वाद घालून उपयोग नसतो. समजून घ्यायचं असतं.

गौरम्मा आत होती. तिने ऐकलं असेल असं वाटत नाही. जेवली मात्र नाही. भूक नाही म्हणाली. आमटी आज खरं तर चांगली झाली होती.

२३ मार्च, रविवार

दुकानात जाऊन नवीन ताटं आणली. वजनदार स्टील, काठाला नक्षी. वाट्या, पेले, सगळा सेट. दुकानात लावलेला सगळ्यात उत्तम माल.

गौरम्माने विचारलं, घरात ताटं कमी हायत का?

मी म्हणालो, जावई पहिल्यांदा घरी येतोय. मान नको का? नवीन माणसाला नवीन ताट.

ती म्हणाली, आणि सुकन्याला? अक्षराला?

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणालो, बघू वेळेवर.

ती म्हणाली, आणि ते गेल्यावर ही ताटं कुठं ठेवणार?

म्हणालो, वेगळी ठेवू. पुढच्या वेळेला त्यांनाच उपयोगी पडतील.

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारची झोप या वयात चांगलीच.

२५ मार्च, मंगळवार

स्टँडजवळच्या नव्या लॉजवर एसी रूम सांगून आलो, पाडव्याच्या रात्रीसाठी. जावई एसीत काम करणारा. आपल्याकडे उकडतं.

गौरम्मा म्हणाली, मग ती खोली कुणासाठी झाडून राहिलात?

म्हणालो, झाडझूड ही झाडझूडीसाठी असते.

चांगलं वाक्य सुचलं.

भाकरी आज पहिल्यांदा फुगली. गौरम्माला उठवून दाखवायला नेली तोवर बसली.

२७ मार्च, गुरुवार

आज मी स्वतः सुकन्याला फोन लावला. कॅलेंडरच्या मागे मुद्दे लिहून घेतले होते. तब्येत कशी. अक्षरा काय बोलते. प्रवास नीट करा. ऊन आहे, पाणी जवळ ठेवा.

तिने उचलला. अप्पा म्हणाली. एवढंच. मग मला कॅलेंडर उलटं धरल्यासारखं झालं. काही दिसेना. मी म्हणालो, येताना बाहेरचं काही खाऊन येऊ नका. म्हणजे तसलं काही.

ती मग म्हणाली, त्या दिवशी आम्ही काहीच खाणार नाही अप्पा. आंघोळ करून येऊ. धुतलेले कपडे घालून येऊ. आणखी काही आहे का?

मी म्हणालो, नाही, एवढंच.

फोन बंद झाला. रेंज गेली असेल. एकंदर बोलणं चांगलं झालं. पोरगी समंजस आहे, लगेच समजली.

बाकीचे मुद्दे प्रत्यक्ष भेटीत.

२९ मार्च, शनिवार

घर झालं. फरशीत तोंड दिसतं. देवघर, फडताळ, पंखे, कोनाडे, सगळं. गच्ची तेवढी राहिली.

पुरण पातळ झालं. आटवलं तर करपलं. पुन्हा केलं, पुन्हा पातळ. शेवटी चतुराबाईंच्या पोळी केंद्रावरून पुरणपोळ्या सांगितल्या. लातुरात एक नंबर. घरात गरम केल्या की घरच्याच. कटाची आमटी मात्र माझीच राहील. पातळ पुरण तिच्यात चालतं.

गौरम्मा आज स्वतःहून बोलली. म्हणाली, उद्या फक्त एवढं करा, पोरगी आली की तिच्याकडे बघून हसा. बाकीचं राहू द्या.

मी म्हणालो, हा काय सांगायचा विषय आहे?

आरशासमोर उभं राहून बघितलं. जमतं.

३० मार्च, रविवार. पाडवा. संध्याकाळ

सविस्तर लिहितो, डोकं जागेवर राहण्यासाठी.

गुढी वेळेवर उभारली. ते सकाळच्या एसटीने आले. सुकन्या बारीक झाली आहे. मी हसलो. तिने पाहिलं की नाही कळलं नाही, ती आईच्या प्लास्टरकडे बघत होती.

सुगत पाया पडायला वाकला. मी म्हणालो, असू द्या, असू द्या, आणि मागे सरकलो. कंबर धरली होती. त्याने जमिनीला हात लावून नमस्कार केला.

माणूस बोलायला चांगला. गौरम्माला म्हणाला, आई, तुम्ही उठायचं न्हाई, पोळ्या मी करतो, आमच्या घरी पोळ्या मीच करतो. आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाला. मी दारात होतो. म्हणालो, जावईबापू, तुम्ही पाहुणे, तुम्ही बाहेर बसा. हात मी चौकटीवर ठेवला होता, सहज.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हाताकडे. म्हणाला, हाव अप्पा. आणि बाहेर जाऊन बसला.

सुकन्या मागेच उभी होती.

ताटं मांडली. सुगतला नवीन. तेवढ्यात सुकन्याने दुसरं नवीन ताट ओढून स्वतःसमोर घेतलं, तिसरं अक्षरासमोर ठेवलं. गौरम्मा एरवी माझ्या शेजारी बसते. ती आज उठली, डाव्या हाताने चौथं नवीन ताट घेतलं आणि सुगतच्या शेजारी जाऊन बसली. पलीकडे ते चौघं एका ओळीत, इकडे मी. नेहमीचं ताट माझ्या एकट्यासमोर.

आमटीला सुगत चांगली म्हणाला. आणखी मागितली.

अक्षरा मधेच उठून माझ्याकडे आली. दोन्ही हात तुपात बरबटलेले. तिच्या हातात तिचा पोळीचा तुकडा होता, अर्धा खाल्लेला. तिने तो माझ्या ताटात, आमटीच्या वाटीशेजारी ठेवला. म्हणाली, आजोबा, खा. गोड आहे.

मी पाणी घेतलं. हात धुतला ताटातच. म्हणालो, माझं पोट भरलं.

माझी पोळी अजून मोडलेली नव्हती.

सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं. सुगत म्हणाला, अक्षू, इकडं ये बाळा, आजोबांचं जेवण झालं. अगदी हळू आवाजात म्हणाला. ती गेली त्याच्याकडे.

लॉजचा विषय निघाला नाही. जेवण होताच त्यांनी निघायची तयारी केली. मग आतून गौरम्मा आली, पिशवी घेऊन. एका हाताने भरली होती, एक पातळ बाहेर लोंबत होतं. म्हणाली, मी जाते पोरीकडं.

मी म्हणालो, हात मोडलेला, तिकडे कोण बघणार? सुगत म्हणाला, मी रजा टाकतो, आई.

मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, प्लास्टर निघेस्तोवर तर जातेच. तुमची झाडझूड लई राहिलीय अजून. ती करून घ्या तोवर.

बहुतेक गच्चीबद्दल म्हणत असावी.

सुकन्याने वाकून नमस्कार केला. यावेळी मी मागे सरकलो नाही. तिने पायांना हात लावला नाही. जमिनीलाच लावला.

२ एप्रिल, बुधवार

गच्ची झाडली. पाण्याची टाकी आतून घासली. आता काही म्हणजे काही राहिलेलं नाही.

एकट्याला बरं पडतं. शिस्तीत कामं होतात. वरण-भात केला. दोघांचा झाला, अंदाज चुकला. दोन्ही वेळेला तोच खाल्ला.

गुरुबसप्पा येऊन गेले. म्हणाले, घर धुतलंस का मग? मी म्हणालो, अजून नाही. ते म्हणाले, उशीर करू नको. मी चहा टाकला नाही. दूध नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार

भाकरी जमायला लागली. धपाटे तर फार चांगले. मल्लेशला बोलावून खाऊ घातले. तो म्हणाला, काका, काकूसारखेच. दुसरा खाताना म्हणाला, काकू कधी येणार? मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. हे मी अंदाजाने सांगितलं.

नवीन चार ताटं धुऊन ओट्यावर पालथी घातली आहेत. रोज पुसतो. फडताळात आमच्या ताटांबरोबर ठेवायची की कुठे, तेवढं ठरत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

मल्लेशने त्याच्या फोनवर फोटो दाखवला. कालच्या आंबेडकर जयंतीचा, नांदेडचा. गर्दीत प्लास्टिकच्या खुर्चीवर गौरम्मा. पांढरं पातळ, प्लास्टरचा हात मांडीवर. तिच्या पायाशी पांढऱ्या फ्रॉकमधली अक्षरा. दोघी कशाला तरी हसून राहिल्यात.

उन्हात त्रास झाला असेल तिला.

फोटो माझ्याकडे पाठव म्हणालो. रेकॉर्डसाठी.

१९ एप्रिल, शनिवार

प्लास्टर निघालं. हे मला गौरम्माने नाही, सुकन्याने मेसेज करून कळवलं. मी लिहिलं, छान, कधी निघते. उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या.

निर्णय: उद्या नांदेडला जायचं. न कळवता. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. त्यांच्या घरी बसायचं आणि त्यांच्या घरचं जेवायचं. त्यांच्या ताटात. मनाची तयारी पूर्ण झालेली आहे. अवघड काहीच नाही. मुळात मला कधी काही नव्हतंच.

२० एप्रिल, रविवार. नांदेड स्टँड, दुपार

बसला वेळ आहे, म्हणून इथेच लिहितो.

दार सुगतने उघडलं. अप्पा, या, म्हणाला. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला. पाणी आणलं. मी प्यालो. सगळं प्यालो. पेला खाली ठेवला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने दुसरीकडे पाहिलं.

घर लहान आहे, स्वच्छ आहे. गौरम्मा स्वयंपाकघरात होती. हात बारीक झालाय, रंग उडालाय. तरी कणीक मळत होती, म्हणे डॉक्टरांनीच सांगितलंय. मला बघून म्हणाली, आलात? कशी हायस म्हणालो. बरी हाय, म्हणाली.

सुकन्याने डबा उघडला. वास घेतला. म्हणाली, अप्पा, तुम्ही केले? हाव म्हणालो. तिने उभ्यानेच एक खाल्ला, पूर्ण. म्हणाली, मीठ बरोबर झालंय. आणि पाठ फिरवून ओट्याशी गेली. बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर धुतलेली होती.

मग जेवायची वेळ झाली. सुगतने पानं घेतली. शेवग्याची आमटी, वांग्याची भाजी, पोळ्या. सुकन्या म्हणाली, आई आल्यापासून ह्यांनी घरात मटण आणलेलं नाही, अंडंसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं. टोमणा नव्हता तो. नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाली.

पाच ताटं मांडली. पाचही सारखी. एक माझं.

लातूरहून निघाल्यापासून मी मनात घोकत होतो. फक्त, हो, बसतो, एवढंच म्हणायचं. सुगत म्हणाला, अप्पा, बसता ना? आणि माझ्या तोंडातून आलं, मी जेवून आलो.

का आलं, माहीत नाही. सकाळपासून चहावर होतो.

मला वाटलं, आता कुणी तरी म्हणेल, असं कसं, दोन घास तरी. आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा आग्रह करतात. मी मनात म्हटलं, एकदा म्हटलं की बसायचं. एकदाच.

कुणी म्हणालं नाही. सुगतने सुकन्याकडे पाहिलं, सुकन्याने आईकडे. गौरम्मा उठली, माझ्यासमोरचं ताट उचललं आणि मांडणीत इतर ताटांमध्ये परत लावलं. आवाज झाला. मग ते चौघं जेवले. मी खुर्चीत बसून होतो, पंखा माझ्यावरच होता.

अक्षरा खाता खाता माझ्याकडे बघत होती. आईला म्हणाली, आजोबांचं पोट नेहमी भरलेलंच असतं. तक्रार नव्हती. माझ्याबद्दल तिला एवढंच माहीत आहे.

निघताना गौरम्माला विचारलं, कधी येतेस? म्हणाली, बघते. दारापर्यंत आली. उन्हाचं डोक्याला रुमाल बांधा म्हणाली. तिने दार लगेच लावलं नाही. जिना उतरेपर्यंत मला आवाज आला नाही दाराचा. मग आला.

सुगत गाडीवर स्टँडपर्यंत सोडतो म्हणाला. मी नको म्हणालो. तो किल्ली हातात घेऊन गॅलरीत उभा होता, कोपऱ्यापर्यंत.

स्टँडबाहेर एक पोहे-भज्याचा गाडा आहे. मी पोहे घेतले. गाड्यावाल्याचे हात ओले, बशी कुणाची तरी उष्टी, बादलीतल्या त्याच पाण्यात बुचकळून दिलेली. तो कोण, कुठला, मी विचारलं नाही. भूक फार लागली होती. उभ्याने खाल्ले. डोळ्यात पाणी आलं, मिरची जास्त होती.

तो म्हणाला, काका, अजून घ्या की थोडे.

मी बशी पुढे केली.